चोविसाव्या किलोमीटरपुढचं अरण्य



अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानात आत जाणारा रस्ता एकच आहे. त्याची लांबी सुमारे १४८ किलोमीटर. उन्हाळ्यात पर्यटकाची स्वतःची गाडी त्यातल्या पहिल्या २४ किलोमीटरपर्यंतच जाऊ शकते. सॅव्हेज नदीच्या पुलापाशी डांबर संपतं आणि खडी सुरू होते. पुढे जायचं तर पायी, सायकलवर किंवा उद्यानाच्या परवानगीने धावणाऱ्या बसमधून. सप्टेंबरमधल्या मोजक्या दिवशी सोडत काढून खासगी गाड्यांना आत सोडतात, तेवढाच काय तो अपवाद.

उद्यानाचा आणि त्याला जोडलेल्या राखीव क्षेत्राचा विस्तार सुमारे २४,००० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, तो १७,००० च्या आसपास. एवढ्या मुलखात एकच रस्ता आणि तोही बहुतेक खडीचा, हे जाणूनबुजून ठरवलेलं आहे. तिथे आजही जे डोंगर आणि जे प्राणी पाहायला मिळतात, त्यांचं बरंचसं श्रेय या ठरवण्याला जातं.

आधी बसमध्ये बसू या. सुरुवातीला दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडी लागते. चढ सुरू झाला की झाडं खुजी होत जातात, विरळ होतात आणि मग टुंड्रा उघडा पडतो. शेवाळ, दगडफूल, गुडघ्याएवढी विलोची झुडपं आणि लांबवर पसरलेली नद्यांची पात्रं. हिमनद्यांनी आणलेल्या गोट्यांवरून पाणी दहा-बारा धारांनी वाहतं आणि वरचेवर वाट बदलतं. प्रवाशांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हटलं की चालक बस थांबवतो. काचा खाली सरकतात, बोलणं कुजबुजीवर येतं आणि दुर्बिणी एकाच दिशेला वळतात. बहुतेकांना सगळ्यांत आधी दिसतात त्या डॉल मेंढ्या. काळपट कड्यावर पांढरे ठिपके असतात; बघता बघता त्यातला एक ठिपका मान वर करतो.

ग्रिझली अस्वल दिसलं तर बस बराच वेळ हलत नाही. त्याच्या खांद्यावर उंचवटा असतो. तो स्नायूंचा असतो आणि खणण्यासाठी असतो. जमिनीतली खार बिळात शिरली की अस्वल पुढच्या पंजांनी टुंड्रा उपसू लागतं. ढेकळं मागे उडतात, मध्येच ते बिळात नाक खुपसतं, बाजूला सरतं आणि पुन्हा खणतं. ऑगस्टमध्ये तेच अस्वल दिवसाचा बहुतेक वेळ बेरी खात फिरतं, कारण हिवाळ्याआधी अंगावर चरबी साठवायची असते. खारीची तऱ्हा आणखी वेगळी. ती वर्षातले सात-आठ महिने निद्रेत काढते आणि त्या काळात तिच्या शरीराचं तापमान शून्याच्याही खाली, उणे २.९ अंशांपर्यंत गेल्याचं नोंदलं गेलं आहे.

आणि डेनाली शिखर? ६,१९० मीटर, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच. पण उन्हाळ्यात ते बहुधा ढगांतच असतं. येणाऱ्यांपैकी जेमतेम तिघांतल्या एकाला त्याचं दर्शन घडतं.

हे उद्यान मुळात शिखरासाठी स्थापन झालंच नाही. ते झालं मेंढ्यांसाठी. १९०५ मध्ये जवळच्या कँटिश्ना भागात सोनं सापडलं, खाणकामगारांची झुंबड उडाली आणि त्यांना मांस पुरवणारे शिकारी डोंगरात शिरले. १९०६ मध्ये चार्ल्स शेल्डन हा निसर्ग अभ्यासक डॉल मेंढ्यांचा अभ्यास करायला तिथे आला. पुढच्या वर्षी परतून त्याने टोक्लाट नदीकाठी लाकडी खोपटात हिवाळा काढला. सोबत वाटाड्या होता हॅरी कार्स्टन्स. ही शिकार अशीच चालू राहिली तर कळप संपतील, हे शेल्डनला तिथे स्पष्ट दिसलं. पुढची अनेक वर्षं त्याने या एकाच कामासाठी पाठपुरावा केला. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी कायद्यावर सही केली. उद्यानाला नाव मात्र माउंट मॅकिन्ली असं मिळालं. डेनाली हे नाव यायला १९८० साल उजाडलं. कार्स्टन्स पुढे उद्यानाचा पहिला अधीक्षक झाला. १९१३ मध्ये शिखरावर पोचलेल्या पहिल्या तुकडीतही तो होता. त्या तुकडीतून माथ्यावर सर्वांत आधी पाऊल ठेवलं ते वॉल्टर हार्पर या, तिथल्या अथाबास्कन आदिवासी मातेच्या तरुण मुलाने.

रस्त्याचं काम १९२३ ते १९३८ असं पंधरा वर्षं चाललं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उद्यानांमधले रस्ते रुंद करण्याची मोठी मोहीम निघाली आणि इथलाही रस्ता शेवटपर्यंत सुधारण्याचा बेत ठरला. त्याला ठाम विरोध केला अ‍ॅडॉल्फ म्यूरी या जीवशास्त्रज्ञाने. त्याच्या शब्दाला वजन होतं. लांडगे मेंढ्या संपवतात, म्हणून लांडगे मारा, अशी ओरड सुरू असताना म्यूरी १९३९ पासून या डोंगरांत हिंडला होता. त्याने मेलेल्या मेंढ्यांच्या आठशेहून अधिक कवट्या गोळा केल्या आणि शिंगांवरच्या वलयांवरून प्रत्येकीचं वय काढलं. लांडग्यांच्या तावडीत सापडतात त्या मुख्यतः म्हाताऱ्या, आजारी आणि वर्षाच्या आतल्या मेंढ्या, हे त्यातून दिसलं. १९४४ मध्ये त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं. पुढे रस्त्याचा बेतही अर्ध्यावर थांबला. सुरुवातीला रुंद, मग मध्यम आणि पुढे अरुंद असा आजचा रस्ता त्या वादातून उरलेला आहे.

१९७१ मध्ये अँकरेज आणि फेअरबँक्स यांना जोडणारा महामार्ग खुला झाला. आता गाड्यांची रांग लागणार, हे ओळखून उद्यानाने १९७२ पासूनच बस सुरू केल्या. गर्दी होण्याआधी केलेली ही व्यवस्था आहे, तिचं मोल त्यात आहे. २०१२ च्या वाहतूक आराखड्याने दिवसाला जास्तीत जास्त १६० वाहनं अशी मर्यादा घातली. त्यातला एक निकष फार सुंदर आहे. डॉल मेंढ्या ऋतूनुसार एका डोंगररांगेतून दुसरीकडे जातात आणि वाटेत हा रस्ता ओलांडतात. सतत गाड्या आल्या तर मेंढ्या बिचकून मागे फिरतात. म्हणून ठरावीक ओलांडण्याच्या जागी दर तासाला निदान दहा मिनिटं रस्ता रिकामा मिळावा, असं धोरण आहे. बसचं वेळापत्रक मेंढीच्या सोयीने लावायचं!

गाड्यांनी प्राण्यांची वाट अडवण्याचा प्रश्न आपल्याकडेही आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. त्याची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वाघिणीला रस्ता ओलांडायला किती मिनिटं मोकळी मिळतात, हे आपल्या अभयारण्यांतही मोजता येईल.

रस्ता आवरला म्हणून सगळं साधलं, असं मात्र नाही. लांडगे उद्यानाची सीमा ओळखत नाहीत. ईशान्येला सीमेबाहेर काही वर्षं लांडग्यांच्या शिकारीला बंदी असलेला पट्टा होता. २०१० मध्ये राज्याने तो उठवला. बंदी असताना बसमधून लांडगा दिसण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती, हे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.

दुसरं संकट जमिनीखालून आलं. पॉलिक्रोम खिंडीजवळ, रस्त्याच्या मध्याच्या आसपास, प्रिटी रॉक्स नावाचा उतार आहे. वातावरण तापतंय तसा त्याच्या पोटातला बर्फ वितळतो आहे. २०१४ पूर्वी तिथला रस्ता वर्षाला काही इंच सरकायचा. २०१७ मध्ये महिन्याला काही इंच, मग आठवड्याला, मग दिवसाला. २०२१ मध्ये हा वेग तासाला दीड सेंटिमीटरच्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये रस्ता तिथून पुढे बंद करावा लागला. तेव्हापासून बस सुमारे ६९ किलोमीटरवरून परत फिरू लागल्या. दरड ओलांडणाऱ्या सुमारे १४५ मीटर लांबीच्या पोलादी पुलाचं काम २०२३ मध्ये सुरू झालं.

पलीकडचा रस्ता उघडला की तिकडच्या आयल्सन पर्यटक केंद्रापर्यंत आणि वंडर लेक या तलावापर्यंत जाण्यासाठी मोठी मागणी येईल, जास्त बस सोडा असा आग्रहही होईल. रस्ता बंद असताना पलीकडच्या प्राण्यांना कित्येक दशकांत न मिळालेली शांतता मिळाली आहे. पुलाच्या उद्घाटनानंतर १६० वाहनांची मर्यादा आणि मेंढ्यांची दहा मिनिटं तशीच राखली जातात का, याकडे डेनालीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांत तेल घालून पाहिलं पाहिजे.