शब्द आणि संवय

विचार आधीं जन्मास येतो आणि भाषा त्यावर मागाहून वस्त्र चढविते, अशी सामान्य समजूत आहे. या वस्त्रानेंच विचारास वळण लागतें, असें आग्रहानें सांगणारा बेंजामिन ली व्हॉर्फ हा पेशानें पंडित नव्हता. अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें आगीच्या विम्याच्या कंपनींत तो नोकरीस होता. आगींचीं कारणें तपासतांना त्यास एक गोष्ट दिसून आली. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागत. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ मात्र खुशाल सिगारेट ओढीत. वस्तुतः रिकाम्या पिंपांत स्फोटक वाफ कोंडलेली असल्यानें तींच अधिक घातक. ‘रिकामें’ या शब्दानें धोकाहि संपल्याचा भास उत्पन्न केला होता.

पुढें व्हॉर्फनें याहून धाडसी विधान केलें. अमेरिकेंतील होपी लोकांच्या भाषेंत थेट काळ दाखविणारे शब्दच नाहींत, असें त्यानें लिहिलें. १९४१ सालीं तो वारला. १९८३ सालीं एकेहार्ट मालोटकी यांनीं त्याच भाषेंतील कालवाचक प्रयोगांचा एक प्रचंड ग्रंथच प्रसिद्ध केला. भाषा हा विचाराचा तुरुंग आहे, हें मत त्यामुळें फारच दुबळें झालें.

तुरुंग नसला तरी संवय मात्र आहे. ‘कांगारू’ हा शब्द श्रोत्यांस ठाऊक आहेच. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर १७७० सालीं कॅप्टन कुकच्या मंडळींनीं तो जेथें टिपून घेतला, तेथील भाषेचें नांव गूगू यिमिथिर. या भाषेंत वस्तूची जागा उजव्या-डाव्या हातानें न सांगतां परंपरेनें दिशेनें सांगतात: मुंगी पायाच्या डावीकडे नव्हे, उत्तरेस! असें बोलणाऱ्यास घरांत काय किंवा अरण्यांत काय, दिशांचें भान सदैव जागें ठेवावें लागतें. स्टीफन लेविन्सन यांनीं या लोकांची परीक्षा घेतली. एका मेजावरील वस्तूंची मांडणी पाहून, पाठ फिरवून दुसऱ्या मेजावर ती तशीच करावयाची होती. डच भाषिकांनीं बहुधा उजवें-डावें जपलें. या लोकांनीं बहुधा पूर्व-पश्चिम जपली. हें भाषेचें फळ कीं परिसराचें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत.

मराठींतहि असें एक बंधन आहे. ‘आम्ही उद्यां जाणार’ म्हटलें कीं ऐकणारा मागें राहिला. ‘आपण उद्यां जाणार’ म्हटलें कीं तो सोबत आला. इंग्रजींत ‘वी’ या एकाच शब्दांत दोन्ही अर्थ मावतात. इंग्रजास हा भेद समजत नाहीं असें नव्हे. त्यास तो प्रत्येक वेळीं सांगावा लागत नाहीं, इतकेंच. भाषाभाषांतील खरा भेद काय सांगतां येतें यांत नसून काय सांगावेंच लागतें यांत आहे, हें मर्म रोमान याकोबसन यांनीं १९५९ सालीं दाखविलें.

जें रोज सांगावें लागतें, त्याकडे मनाचें लक्ष आपोआप वळतें. जें सांगावें लागत नाहीं, तें सहज नजरेआड होतें. मराठी शिकणारा परभाषी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यापाशीं प्रथम अडखळतो. पण त्या अडखळण्यांतच, बोलण्यापूर्वीं समोरच्या माणसाचा विचार करण्यास तो शिकतो.