परदेशी कोणाला म्हणावे?

(जळगाव येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



परदेशवारी करून आलेला मनुष्य तेथील इमारती लवकर विसरतो. परंतु रस्ता चुकला असता सोबत चालत आलेला अनोळखी इसम त्याला जन्मभर आठवतो. या आठवणी गोड असतात. त्यांचा अर्थ लावण्याचे काम मात्र राहून जाते.

मराठी समाजाच्या स्मरणातील असा ठळक प्रसंग आनंदीबाई जोशी यांचा. अमेरिकेतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दंतवैद्याकडे खोळंबल्या असता एक मिशनरी मासिक चाळीत होत्या. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी मदत मागितल्याचा पत्रव्यवहार त्यात होता, आणि या दांपत्याने ख्रिस्ती व्हावे, असा संपादकीय सूर होता. बाईंनी धर्माची कोणतीही अट न घालता हात पुढे केला. 1883 साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना घरी न्यावयास त्याच आल्या होत्या. आनंदीबाई 1886 साली डॉक्टर झाल्या आणि 1887 साली पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्या दारी आलेल्या परक्याला काय मिळते, हाही प्रश्न आपणच विचारावयास हवा.

उत्तरेकडून आलेल्यांना ‘परदेशी’ म्हणण्याचा प्रघात खानदेशात जुना आहे. कित्येक घराण्यांचे ते आडनावच झाले आणि ती घराणी येथलीच झाली. तेव्हा परदेश हा केवळ समुद्रापलीकडेच असतो असे नाही. ज्या गावी आपल्याला कोणी ओळखत नाही, ते गाव गरिबाला परदेशच होय.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारले. बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे होते. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती, तेवढे पुरले. भटक्यांना गुन्हेगार समजण्याची सवय इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने लावली. तो कायदा 1952 साली गेला; ती नजर गेली नाही.

याच जिल्ह्यातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीने रोजगार बुडालेले हजारो मजूर त्यावरून पायी, सायकलींवर, रिक्षांतून मध्य प्रदेशाच्या सीमेकडे निघाले होते. संसर्गाचे भय असतानाही वाटेवरच्या लोकांनी त्यांना पाणी दिले, जेवण दिले, चपला दिल्या. जात कोणी विचारली नाही.

दोन वर्षांत खानदेशी मनुष्याचे अंतःकरण पालटले, असे नव्हे. एके ठिकाणी माणसाच्या आधी अफवा पोचली. दुसऱ्या ठिकाणी भेगाळलेले पाय डोळ्यांपुढे होते.

परंतु समाजवाद्यांनी एवढ्यावर थांबता कामा नये. 8 मे 2020 रोजी जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेतच मालगाडीखाली चिरडले गेले. भुसावळला गावाकडे जाणारी गाडी मिळेल, या आशेने ते निघाले होते. त्यांच्या शिदोरीतील पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांना कंत्राटदाराने प्रवासभत्ता द्यावा, असे 1979 चा कायदा सांगत होता. तो नीट अमलात आला असता, तर किती मजुरांना दुसऱ्याच्या भाकरीवर अवलंबून राहावे लागले असते? दयेने एक रात्र निभावते; घरी पोचण्यास हक्क लागतो.

साने गुरुजींनी अमळनेरला शिकविले, आणि पुढे आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांतील माणसांनी परस्परांची भाषा शिकावी, परस्परांना जाणावे, ही तिची तळमळ. आज तिचे क्षेत्र वीटभट्टी, जिनिंग आणि आठवडे बाजार हे आहे. साक्री-नवापूरकडचे आदिवासी ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, तेव्हा तेथे तेही परदेशीच असतात. राईनपाड्यात मरणारेही गरीब होते आणि मारणारेही गरीबच होते, ही गोष्ट आपल्याला झोप येऊ न देणारी असली पाहिजे.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या गावी बाहेरून कोण आले आहेत, कोठे राहतात, मजुरी किती मिळते, याची विचारपूस करावी. अफवा उठली, तर चावडीवर प्रथम आपला कार्यकर्ता उभा असावा. कार्पेंटरबाईंचे ऋण फेडावयाचे असेल, तर ते येथेच फेडता येईल.