विधेयक समितीकडे जाते तेव्हा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



लोकसभेत मंत्री उठतात, विधेयक मांडण्याची अनुमती मागतात, अध्यक्ष आवाजी कौल घेतात आणि दोन मिनिटांत विधेयक सभागृहापुढे येते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर एक ओळ छापून येते : विधेयक समितीकडे सोपविण्यात आले. चळवळीतला कार्यकर्ता ही ओळ वाचून बहुधा पान उलटतो. समितीकडे गेले म्हणजे बासनात गेले, असा त्याचा समज असतो.

हा समज पुरता खरा नाही. महिला आरक्षणाचे विधेयक सप्टेंबर 1996 मध्ये मांडले गेले. गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात अहवाल दिला. तीन महिन्यांत समितीचे काम आटोपले होते. त्यानंतरची सत्तावीस वर्षे विधेयक रखडले ते सभागृहांत आणि पक्षश्रेष्ठींच्या मनांत. आणि बासनात जाणे हे कष्टकऱ्यांच्या दृष्टीने नेहमीच वाईट असते असेही नाही.

भूमिसंपादनाच्या कायद्याचे उदाहरण घ्यावे. 1894 च्या ब्रिटिश कायद्याच्या जागी आणलेले विधेयक 2011 साली ग्रामविकास विषयक स्थायी समितीकडे गेले. समितीच्या अध्यक्ष होत्या चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन, त्या वेळी विरोधी बाकांवरच्या. खाजगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादन करूच नये, इथपर्यंत त्या समितीचा अहवाल गेला. सरकारने तेवढे मानले नाही. परंतु 2013 च्या कायद्यात खाजगी प्रकल्पासाठी 80 टक्के आणि खाजगी-सार्वजनिक भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांची तपासणी या अटी आल्या.

सत्तांतर झाले आणि 31 डिसेंबर 2014 रोजी वटहुकूम निघाला. पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमतीतून आणि तपासणीतून सूट देण्याची ही तजवीज होती. देशभर शेतकरी संघटना रस्त्यावर आल्या. राज्यसभेत सरकारजवळ बहुमत नव्हते. अखेर मे 2015 मध्ये दुरुस्ती विधेयक तीस सदस्यांच्या संयुक्त समितीकडे धाडावे लागले; आणि ऑगस्टमध्ये त्या समितीत सत्ताधारी पक्षाच्याच अकरा सदस्यांनी संमतीची आणि तपासणीची कलमे पुन्हा घालावीत अशा दुरुस्त्या मांडल्या. त्याच महिन्याअखेर वटहुकूम विरला. समिती मुदतवाढ घेत राहिली आणि 2019 मध्ये लोकसभेबरोबर विधेयकही संपले. ज्यांची जमीन वाचली त्यांना हे बासन गोडच वाटले असणार.

येथे कोणी असे समजू नये की समितीच्या खोलीत सदस्यांना एकाएकी शहाणपण सुचले. बाहेर मोर्चे होते, बिहारची निवडणूक तोंडावर होती. समितीने एवढेच केले की माघार घेण्यास सरकारला एक दार मिळाले. हे दार मुळातच नसले म्हणजे काय होते ते 2020 च्या सप्टेंबरात दिसले. तीन शेती विधेयके प्रवर समितीकडे पाठवा ही मागणी राज्यसभेत झाली, मतविभागणी मागितली गेली. 20 सप्टेंबरला गोंधळात, आवाजी मतदानाने त्यांतली दोन विधेयके संमत झाली असे जाहीर झाले. जी हरकत समितीपुढे साक्षीच्या रूपाने यायची, ती दिल्लीच्या सीमेवर वर्षभर थंडीवाऱ्यात बसून मांडावी लागली. 29 नोव्हेंबर 2021 रोजी कायदे मागे घेतले गेले, तेही चर्चेविना!

परंतु समितीचा गौरव करताना कामगार चळवळीने एक कटू हिशेब विसरू नये. औद्योगिक संबंध संहितेचे विधेयक 2019 साली मांडले गेले आणि श्रमविषयक स्थायी समितीकडे गेले. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कामगारकपातीस वा टाळे लावण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. ही मर्यादा अधिसूचनेने बदलण्याची मुभा विधेयकात होती. समितीने सुचविले की अधिसूचना कशाला, तीनशेचा आकडा कायद्यातच घालावा! डाव्या सदस्यांनी भिन्नमत नोंदविले. वास्तविक तीनशे ही मर्यादा 1976 मधली, आणीबाणीच्या काळातली. 1982 च्या दुरुस्तीने ती शंभरावर आणली होती. म्हणजे 2020 ची समिती देशाला 1976 कडे परत नेत होती.

त्याच अहवालात दुसरी शिफारस होती. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस देण्याची सक्ती पाणी, वीज, दूरध्वनी अशा लोकोपयोगी सेवांपुरतीच ठेवावी, सर्व उद्योगांवर लादू नये. अहवाल एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत आला. सप्टेंबरात सरकारने जुने विधेयक मागे घेऊन नवे मांडले. त्यात तीनशेचा आकडा समितीच्या शिफारशीप्रमाणे आला, शिवाय तो आणखी वाढविण्याची मुभाही सरकारने ठेवून घेतली. संपाच्या नोटिशीबाबतची शिफारस मात्र गळाली. सक्ती सर्वांनाच लागू झाली. नवे विधेयक पुन्हा समितीकडे गेले नाही. 22 सप्टेंबरला लोकसभेत, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, विरोधी बाके बहिष्कारामुळे रिकामी असताना ते संमत झाले. 21 नोव्हेंबर 2025 पासून संहिता अंमलात आली आहे. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हा नियम कोणाच्या सोयीचा ठरतो ते यातून उमगावे.

विभागवार स्थायी समित्या 1993 साली सुरू झाल्या. 2009 ते 2014 च्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. 2019 ते 2024 मध्ये हे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवर आले. आणि संयुक्त समिती नेमली तरी तीत पक्षांचे बळ सभागृहातल्यासारखेच असते. वक्फ दुरुस्ती विधेयकावरील समितीत जानेवारी 2025 मध्ये सत्ताधारी आघाडीच्या दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या आणि विरोधकांच्या एकजात फेटाळल्या गेल्या, हे ताजेच आहे.

तेव्हा कार्यकर्त्याने करावयाचे काम साधे आणि कंटाळवाणे आहे. विधेयक समितीकडे गेले की निवेदने मागविणारी जाहिरात निघते. मुदत थोड्या दिवसांची असते. मालकांच्या संघटनांची निवेदने त्या मुदतीत, टंकलिखित, कलमवार पोहोचतात. युनियनच्या कचेरीत तोवर निषेधाचा ठराव झालेला असतो, आणि ठरावात कलमाचा क्रमांक नसतो. समितीची बैठक बंद दाराआड होते, पण साक्षीस कोणाला बोलावले ते अहवालात छापलेले असते. अहवाल हाती आला की तो शेवटाकडून उघडावा. भिन्नमताच्या टिपण्या तेथे असतात. कोणत्या कलमावर कोण भांडले आणि कोणी मुकाट्याने सही केली, ते त्याच पानांवर सापडते.