रेडिओ भात

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं, की वाटेत आडुतुरै लागतं. तिथलं भात संशोधन केंद्र 1922 सालचं. 1960 च्या दशकाच्या मध्याला या केंद्रानं एडीटी-27 हे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिलं. तंजावर जिल्ह्यात ते ‘रेडिओ भात’ म्हणूनच ओळखलं गेलं, कारण त्याची खबर शेतकऱ्यांना तिरुचिरापल्लीच्या आकाशवाणी केंद्रावरून लागली होती.

या भागातल्या शेतकऱ्याचा वर्षाचा पहिला प्रश्न एकच: मेट्टूर धरणाचं पाणी कधी सुटणार? ठरलेली तारीख 12 जून. पाणी आलं की कुरुवै हंगामाची धांदल सुरू होते, आणि ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस येण्याआधी पीक घरात यायला हवं असतं. एडीटी-27 साधारण 105 दिवसांत तयार होई. जपानी आणि भारतीय जातींच्या संकरातून आलेलं हे वाण खतही चांगलं मानवून घेई. पण लावणी कधी करायची, खत केव्हा आणि किती द्यायचं, हे ज्या आठवड्यात लागतं त्याच आठवड्यात कळलं तर उपयोग. छापील पत्रक गावात पोहोचेपर्यंत वेळ निघून जाते. शिवाय ते वाचणारा कुणी हवा. रेडिओवरचा तमिळ आवाज मात्र निरक्षर माणसालाही समजत होता.

अर्थात नुसतं ऐकून भात पिकत नाही. तंजावर जिल्ह्यात त्याआधीच सघन शेतीची योजना सुरू झाली होती. बियाणं, खत आणि कर्ज जवळपास मिळू लागलं होतं, म्हणून ऐकलेलं करून पाहता आलं.

रेडिओवरून शेतकऱ्यांशी बोलण्याच्या या वाटेवरचं एक मोठं पाऊल त्याआधी महाराष्ट्रात पडलं होतं. 1956 साली युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं पाच मराठी जिल्ह्यांतल्या 150 गावांत श्रोतृमंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा वीसेक माणसं रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, मग त्यावर बोलत. त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून येत. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी वाढ नव्हती. या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. गावाला प्रश्न विचारता आला आणि उत्तरावर आपसात वाद घालता आला.

आज किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर फोन लावला, की कुंभकोणमच्या शेतकऱ्याला तमिळमध्ये आणि साताऱ्याच्या शेतकऱ्याला मराठीत सल्ला मिळतो, तोही फुकट. ही सोय मोठीच आहे. पण इथं प्रश्न एकट्याचा असतो आणि उत्तरही एकट्यालाच मिळतं. तोच फोन आठवड्यातून एका संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, आवाज मोठा करून, वीस जणांसमोर लावता येईल. त्यासाठी नवी योजना लागत नाही. गावातल्या एखाद्या शिक्षकानं किंवा बचतगटानं पुढाकार घेतला तरी पुरे.