गालावरची सावली



माझ्या भाचीचं लग्न माघात झालं. त्याआधी ट्रायल मेकअपसाठी एक रंगभूषा करणाऱ्या बाई आमच्या भिवंडीतल्या घरी आल्या होत्या. खाली यंत्रमागांची खटखट चालू होती आणि त्या अगदी शांतपणे भाचीच्या चेहऱ्यावर तपकिरी रेघा ओढत होत्या. एक कानापासून गालाकडे, एक कपाळाच्या कडेला, एक जबड्याखाली. माझ्या बहिणीला तर धस्सच झालं. मग बाईंनी ओलसर स्पंज घेतला, हलक्या हातानं थोपटायला सुरुवात केली. रेघा गेल्या आणि गालाचं हाड तेवढं उठून दिसायला लागलं. याला कॉन्टूरिंग म्हणतात.

लग्नाला त्या बाई येणार होत्या. हळदीच्या रात्रीचं मात्र मी घरीच करायचं ठरवलं आणि बाजारातून सामान आणलं. फाउंडेशन निवडताना दुकानदारानं आग्रह केला, "लग्नाची मुलगी आहे, दोन शेड उजळ घ्या." आम्ही ऐकलं. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सगळं ठीक वाटलं. सकाळी पुन्हा लावून बघितलं, तेव्हा भाची आरसा घेऊन गॅलरीत गेली आणि तिथूनच म्हणाली, "मावशी, ही मी नाही गं." खरंच नव्हती. चेहरा राखाडी पांढरा, मान तिची स्वतःची सावळी, आणि गालावर विटकरी पट्टा. खोबरेल तेल लावून सगळं पुसून काढलं.

तेव्हापासून मी याचा नीट विचार केला. चूक हाताची कमी होती, रंगाची जास्त. कॉन्टूर म्हणजे सावली, आणि सावली कधी विटकरी नसते. आपल्याच कातडीवरचा उजेड थोडा काढून घेतला की जो रंग उरतो, तो सावलीचा रंग. म्हणजे आपल्या वर्णापेक्षा एक-दोन छटा गडद आणि किंचित करडा. आम्ही आणलेली डबी ब्रॉन्झरची निघाली. ऊन लागल्यासारखी तांबूस झाक आणायची, हे ब्रॉन्झरचं काम. आधी सावळ्या मुलीला गोरी करायची आणि मग त्या गोऱ्या थरावर तांबूस सावली काढायची, हे मुळातच उलटं काम आहे. मला त्याचा राग येतो. तिच्या चेहऱ्यात काही कमी नव्हतं.

ही विद्या काही मोबाइलवर जन्मलेली नाही. 2012 च्या सुमारास किम कार्दाशियनच्या चेहऱ्यावरच्या रेघांचा फोटो जगभर फिरला, म्हणून ती घराघरात पोचली इतकंच. नाटकवाले ती कितीतरी आधीपासून जाणतात. समोरून पडणारा झगझगीत प्रकाश चेहऱ्याचे उंचवटे पुसून टाकतो, आणि पायाशी लावलेले दिवे तर सावल्या उलट्या पाडतात. मग रंगभूषाकाराला नाक, गाल, हनुवटी पुन्हा रंगानं उभी करावी लागते. कोकणातले दशावतारी तर आरसा समोर ठेवून आपलं तोंड आपणच रंगवतात. 2011 च्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भावे यांचा चेहरा स्त्रीभूमिकेत किती मऊ दिसतो ते आठवा. ती रंगभूषा विक्रम गायकवाड यांची. त्या कामासाठी आणि 'द डर्टी पिक्चर'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण नाटक दहाव्या रांगेतून बघतात. हळदीत आत्या, काकू, मामी गालाला हात लावून बघतात. तेव्हा रंगमंचावर लागतं त्याच्या पाव हिश्शानंही भागतं.

दुसऱ्यांदा मी आधी बोटानं शोधलं. कानाच्या मध्यापासून तोंडाच्या कोपऱ्याकडे दाबत गेलं की हाडाखाली खळगा लागतो. त्याच्या वरच्या कडेला थोडासा रंग, आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ खाली आलं की थांबायचं. त्याच्या पुढे गेलं तर चेहरा आजारी दिसतो. ब्रश वरच्या दिशेनं फिरवायचा, खाली ओढला की गाल उतरल्यासारखे वाटतात. नाकाला मी हातच लावला नाही. नथ घातल्यावर नजर नथीवरच जाते, तिथे रेघा ओढून काय मिळणार?

हळद लागली, आंघोळ झाली, आणि भाची पिवळी साडी नेसून मांडवात आली. मान आणि चेहरा एका रंगाचे होते. गालावर सावली होती, पण काय लावलंय ते कुणाला सांगता आलं नसतं. तिच्या आजीनं तिच्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली.

तुम्हीही घरी करून बघणार असाल, तर पहिला खर्च कॉन्टूरच्या डबीवर करू नका. आधी आपल्या रंगाचं फाउंडेशन शोधा. दुकानात थोडंसं जबड्याच्या कडेला लावा, दुकानाबाहेर उजेडात या, मानेशी मिळतंय का ते सोबतच्या बाईला बघायला सांगा, आणि मगच पैसे द्या.