कृत्रिम श्वास आणि कुटुंबाचा निर्णय



अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर विचारतात, ‘पुढे काय करायचे?’ बोरीवलीसारख्या उपनगरात वृद्ध आई-वडील येथे, एक मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, अशी घरे पुष्कळ. त्यांचे एकमत होईपर्यंत दिवस निघून जातात. यंत्र काढा म्हणणारा पापी ठरतो. लावून ठेवा म्हणणाऱ्याला रुग्णाच्या यातनांचा हिशेब मात्र कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाचा विचार देशाला करावयास लावला तो मुंबईतील एका घटनेने. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला. साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूस प्राणवायू मिळाला नाही. त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ त्या तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे, अशी याचिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. ७ मार्च २०११ रोजी ती फेटाळली गेली. कारण लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना भरविले, न्हाऊ घातले, त्यांनाच न्यायालयाने जवळचे आप्त मानले आणि त्यांना अरुणा जिवंत हव्या होत्या. नाते रक्तानेच ठरते असे नाही, हे त्या वॉर्डाने दाखविले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानंतर त्यांचे निधन झाले.

मात्र याचिकेच्या वेळी अरुणा मेंदूमृत नव्हत्या, व्हेंटिलेटरवरही नव्हत्या. मेंदूच्या स्तंभाचे कार्य कायमचे थांबले, की १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या चौकटीत तो मृत्यूच मानला जातो. तेथे दया-मरणाचा प्रश्नच उरत नाही. खरा पेच असतो तो आशा संपलेल्या, पण यंत्राच्या आधाराने श्वास चालू असलेल्या रुग्णाचा.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६६ मध्ये दादरला, तर विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडून देह ठेवला. मतांनी इतके दूर असलेले हे दोघे! पण दोघांनीही निर्णय स्वतः, शुद्धीत असताना घेतला. मुलांवर सोपविला नाही.

तसा निर्णय आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. प्रसंग आल्यावर रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ मत देते. दुसरे मंडळ ते तपासते. दोघांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा, असे सांगितले आहे. लेखी इच्छापत्र नसेल, तर आप्तांची संमती लागते. अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. म्हणजे एकट्या मुलाच्या किंवा एकट्या डॉक्टरच्या शब्दावर काहीच घडत नाही.

यंत्र थांबले, तरी वेदनाशमन आणि शुश्रूषा थांबत नाही. इच्छापत्राची प्रत घरच्यांकडे, नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि महापालिकेच्या अधिकाऱ्याकडे द्यावी. कपाटात कुलूपबंद राहिलेला कागद रात्री दोन वाजता कोणाच्याच हाती लागत नाही.