कॅमेरा 'बिघडला' असे लिहिण्यापूर्वी

(कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर, येथील शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



शाळा-तपासणीच्या निमित्ताने मी अनेक शाळांची कपाटे पाहिली आहेत. नकाशांच्या गुंडाळ्या आणि पृथ्वीचा गोल यांच्या शेजारी एखादा लहान डिजिटल कॅमेरा पुष्कळदा आढळतो. तो कोठे माजी विद्यार्थ्याने दिलेला असतो, तर कोठे ग्रामस्थांच्या वर्गणीतून घेतलेला असतो. डेडस्टॉक रजिस्टरात त्याची नोंद असते, परंतु वापर नसतो. कारण विचारले असता उत्तर मिळते, 'तो बिघडला आहे, साहेब.' काय बिघडले आहे, असे पुढे विचारावे तर उत्तर मिळत नाही.

'बिघडला' हे निदान नव्हे. एखादे मूल अभ्यासात मागे पडले तर 'ते ढ आहे' असे म्हणून चांगला शिक्षक थांबत नाही. त्याला फळ्यावरचे दिसत नाही काय, कमी ऐकू येते काय, ते सकाळी उपाशी येते काय, याचा तो शोध घेतो. हीच दृष्टी यंत्राकडे पाहतानाही ठेवावयास हवी. लहान कॅमेऱ्याच्या ज्या तक्रारी आपण ऐकतो, त्यांपैकी पुष्कळशा तक्रारींचे मूळ धूळ, उष्मा, अशक्त बॅटरी किंवा चुकीची मांडणी यांत असते. ते शाळेतच आणि बिनखर्चात दूर करता येते. खरा बिघाड कोणता आणि दिसणारा बिघाड कोणता, हे ओळखण्याची रीत आज सांगावयाची आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन करतो. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना या जुन्या कॅमेऱ्याची काळजी कशाला, असे काही जण म्हणतील. मोबाइल हा शिक्षकाचा असतो. त्यात त्याचा खासगी पत्रव्यवहार आणि बँकेचा व्यवहारही असतो. तो तिसरीच्या मुलाच्या हाती मोकळेपणाने देता येत नाही. शिवाय शिक्षकाची बदली झाली की त्यातील शाळेची छायाचित्रेही त्याच्याबरोबर जातात. कॅमेरा शाळेचा आहे; तो मुलांच्या हाती देता येतो, आणि त्याने टिपलेले शाळेतच राहते. त्याचा उपयोगही केवळ समारंभापुरता नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे क्रमाने चित्रण करून 'अंकुराची वाढ' ही लहानशी चित्रफीत तयार केली होती. आपल्या मुलांनी मटकीच्या अंकुराचे रोज एकाच जागेवरून एकेक छायाचित्र घेतले, तर विज्ञानाचा पाठ त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहील. कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यामुळे मुलांचा हा पाठ बुडतो.

आता तपासणीची रीत. बाजारात मडके घेताना आपण ते आधी वाजवून पाहतो. मग उजेडात धरून चीर पाहतो. फोडून कोणी पाहत नाही. ज्या गावाच्या नावातच कुंभार आहे, तेथे हे अधिक सांगावयास नको. कॅमेऱ्याच्या बाबतीत तीन नियम पाळावे. पहिला, दोष नेमक्या शब्दांत लिहून काढावा. पडद्यावर संदेश आला असेल तर तो अक्षरशः उतरून घ्यावा. दुसरा, जी तपासणी सोपी आणि निरुपद्रवी, ती आधी करावी. तिसरा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बॅटरी, कार्ड आणि मांडणी तिन्ही एकदम बदलली आणि कॅमेरा सुरू झाला, तर दोष कशात होता हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा पहिल्याच पायरीवर असतो.

कॅमेऱ्याची चार अंगे लक्षात ठेवली म्हणजे शोध सोपा होतो. बॅटरी ही त्याची शक्ती, भिंग हा डोळा, आतील संवेदक म्हणजे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा पडदा, आणि कार्ड म्हणजे त्याची स्मृती. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनविला, तेव्हा एक छायाचित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज ते काम क्षणात होते. पण अंगे तीच आहेत.

कॅमेरा मुळीच सुरू होत नसेल तर प्रथम बॅटरीकडे पाहावे. ती उलटी बसली नाही ना, तिचे झाकण पुरते लागले आहे ना, हे पाहावे. झाकण अर्धवट लागले असता कित्येक कॅमेरे सुरूच होत नाहीत. बॅटरीची धातूची टोके मळली असतील तर कोरड्या सुती कापडाने पुसावी. ज्या कॅमेऱ्यात पेन्सिल सेल लागतात, त्यात भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल घातले तर भिंग अर्धे बाहेर येऊन तो बंद पडतो. घड्याळाला लागणारी शक्ती अगदी थोडी, कॅमेऱ्याला एकदम पुष्कळ लागते. तेथे चांगले अल्कलाइन अथवा पुन्हा भारित होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावे. लिथियम बॅटरी वर्षभर रिकामी पडून राहिली तर ती कायमची निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी ती सुमारे अर्धी भारित करून, कॅमेऱ्याबाहेर काढून, थंड जागी ठेवावी. फुगलेली बॅटरी मात्र पुन्हा वापरू नये आणि चार्जरलाही लावू नये. तारीख-वेळ वारंवार पुसली जात असेल तर घाबरू नये. आतील एक लहानसा सेल ती सांभाळतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांत तो मुख्य बॅटरीवरच भारित होतो. भारित बॅटरी एक-दोन दिवस आत ठेवून तारीख पुन्हा लावावी.

भिंग अडकून पडणे ही दुसरी मोठी तक्रार. पडद्यावर 'लेन्स एरर' असा संदेश येतो, करकर आवाज होतो आणि भिंग आत जात नाही, बाहेरही येत नाही. मैदानावरील बारीक माती भिंगाच्या नळीच्या फटीत जाणे, किंवा पिशवीत असताना कळ दाबली जाऊन भिंगाला बाहेर येण्यास जागा न मिळणे, ही याची नेहमीची कारणे होत. कॅमेरा बंद करून बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी, मग पूर्ण भारित बॅटरी घालावी, भिंगाचे तोंड खाली धरून कॅमेरा सुरू करावा. फटीतील माती मऊ, कोरड्या कुंचल्याने किंवा रबरी फुग्याच्या फुंकणीने काढावी. तोंडाने फुंकू नये, कारण थुंकीचे तुषार काचेवर बसतात. आणि शिलाई यंत्राचे तेल कधीही घालू नये. ते पाझरून काचेवर पसरते आणि उरलेली माती त्यात चिकटून बसते. एवढ्याने भिंग हलले नाही तर जोर न करता कॅमेरा जाणकाराकडे न्यावा.

आता कार्डाविषयी, आणि येथे मी थोडा आग्रहाने बोलणार आहे. एका शाळेत, तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, कॅमेरा दोन वर्षे 'नादुरुस्त' म्हणून पडला होता. छायाचित्र काढू गेले की 'कार्ड लॉक्ड' असा संदेश येई. कार्डाच्या कडेला एक लहानशी सरकपट्टी असते. ती खाली सरकली होती. ती वर सरकविताच कॅमेरा सुरू झाला. दुसऱ्या एका शाळेतील गोष्ट मात्र अशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कॅमेऱ्याने 'कार्ड फॉरमॅट करावयाचे काय?' असे विचारले आणि कोणीतरी 'होय'ची कळ दाबली. वर्षभराच्या सहली, बालआनंद मेळावा, चौथीच्या मुलांचा निरोप समारंभ, सारे गेले. दुरुस्त झालेला कॅमेरा पुन्हा छायाचित्र काढील, परंतु चौथी सोडून गेलेला वर्ग पुन्हा त्या ओसरीवर उभा राहणार नाही. म्हणून कॅमेऱ्यापेक्षा कार्डावरील ठेवा मोलाचा, हे ध्यानात धरावे. असा प्रश्न पडद्यावर आला की 'नाही' म्हणावे, कॅमेरा बंद करावा, कार्ड काढून संगणकावर उघडते का ते पाहावे, आणि छायाचित्रांची नक्कल घेतल्यावरच पुढे जावे. चुकून पुसले गेलेच, तर त्या कार्डावर एकही नवे छायाचित्र काढू नये. पुसणे म्हणजे पुष्कळदा केवळ अनुक्रमणिका फाडणे असते. पाने आत शिल्लक असतात, आणि त्यांवर नवे काही लिहिले गेले नाही तर जाणकाराला ती संगणकाच्या साहाय्याने परत मिळविता येण्याचा संभव असतो. कार्ड काढताना कॅमेरा आधी बंद करावा. नवे कार्ड घेताना हेही पाहावे की, २००६ पूर्वीच्या कॅमेऱ्यांना दोन गिगाबाइटपेक्षा मोठे एसडी कार्ड बहुधा वाचता येत नाही. तेथे दोष कॅमेऱ्याचाही नसतो आणि कार्डाचाही नसतो.

कॅमेरा चालतो, पण छायाचित्रे वाईट येतात, अशीही तक्रार असते. छायाचित्र अस्पष्ट आले तर प्रथम भिंगावर बोटाचा ठसा आहे काय ते पाहावे. मग कळ अर्धी दाबून थांबावे. कॅमेऱ्याने अंतर साधल्याची खूण दिली की पुरती दाबावी. अंकुर किंवा कीटक जवळून टिपावयाचा असेल तर फुलाचे चिन्ह असलेली मांडणी निवडावी. वर्गात उजेड कमी असला की कॅमेरा प्रकाश अधिक वेळ आत घेतो आणि तेवढ्यात हात हलतो. अशा वेळी कॅमेरा बाकावर टेकवून ठेवावा. मुले दाराकडे पाठ करून उभी असतील तर चेहरे काळे येणारच. त्यांना उजेडाकडे तोंड करून उभे करावे. लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही. मागच्या रांगा अंधारात राहिल्या तर तो बिघाड नव्हे. संध्याकाळी मैदानावर घेतलेल्या छायाचित्रात पांढरे गोल ठिपके दिसतात. कोणी त्यांना भुताटकी म्हणतात. ती भिंगाजवळच्या धुळीवरून उलटलेली फ्लॅशची चमक असते. फ्लॅश बंद करून तेच छायाचित्र पुन्हा घेऊन दाखवावे. ठिपकेही जातील आणि मुलांच्या मनातील भीतीही जाईल.

खरा बिघाड ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. पडद्यावर रेघा, जांभळी झाक किंवा अंधार दिसत असेल, तर पूर्वी काढलेले एखादे छायाचित्र त्याच पडद्यावर पाहावे. जुने छायाचित्र स्वच्छ दिसले तर पडदा ठीक आहे. दोष भिंगाकडे किंवा संवेदकात असावा. जुनेही तसेच दिसले तर दोष पडद्यात असावा. मग नव्याने काढलेले छायाचित्र संगणकावर पाहावे, ते चांगले असल्यास कॅमेरा अजून उपयोगाचा आहे. २००५ साली अनेक नामांकित कंपन्यांनी आपल्या काही कॅमेऱ्यांतील संवेदक उष्ण व दमट हवेत निकामी होतात हे मान्य करून ते विनामूल्य बदलून दिले होते. म्हणजे यंत्रातही खरा दोष असतो. परंतु तो असल्याचे शेवटी, कसोटीअंती, ठरवावे.

आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा तर आपण सारेच जाणतो. बहुतेक लहान कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा शून्य ते चाळीस अंश सेल्सिअस दिलेली असते, आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या छपराखालील लोखंडी कपाट आणि उन्हात उभ्या मोटारसायकलची डिकी या जागा कॅमेऱ्यासाठी नव्हेत. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढू नये म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. कॅमेरा पाण्यात पडला तर 'चालतो का पाहू' म्हणून कळ दाबू नये. बॅटरी आणि कार्ड ताबडतोब काढून, झाकणे उघडी ठेवून, सावलीत काही दिवस वाळू द्यावा.

आणखी एक सूचना जिवाच्या सुरक्षिततेची आहे. कॅमेऱ्याचे स्क्रू काढून तो कोणीही उघडू नये, आणि मुलांनी तर मुळीच उघडू नये. फ्लॅशसाठी आत एक धारित्र असते. बॅटरी काढल्यावरही त्यात सुमारे तीनशे व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. त्याचा धक्का घातक ठरू शकतो.

शेवटी दोन लहान कामे सुचवितो. कॅमेऱ्याच्या डब्यातच एक चाळीस पानी वही ठेवावी. काय झाले, काय तपासले, कशाने सुटले, हे त्या त्या दिवशी चौथीच्या एखाद्या मुलाकडून तीत लिहून घ्यावे. निरीक्षण, अनुमान आणि पडताळा ही विज्ञानाची वाट त्याला पुस्तकाबाहेर अशी सापडेल. दुसरे, महिनाअखेरीस कार्डावरील छायाचित्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून ठेवावी, आणि मुलांची छायाचित्रे शाळेबाहेर देण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी.

निर्लेखनाचा प्रस्ताव माझ्याकडे जरूर पाठवावा. खरोखर निकामी झालेली वस्तू कपाटात अडवून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र त्या प्रस्तावासोबत ही वही जोडलेली असावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. पुढील परिषदेला येताना आपापल्या शाळेतील बंद पडलेला कॅमेरा, भारित बॅटरी आणि एक मऊ कापड बरोबर आणावे. आपण येथेच बसून, एका वेळी एक गोष्ट बदलून, ते एकेक करून पाहू.